व्यंकू, तुझी भिंत मी फोडली

चि. व्यंकूस,

अक्काचे आशीर्वाद.

धाकट्या भावाला पत्र लिहायचं तर वर चिरंजीव घालायचं, हे तूच मला शिकवलंस. आता मेलेल्या माणसाला चिरंजीव कसं लिहायचं, हे कुणाला विचारू? लिहिलं आहे. खोडणार नाही. तुला चूक वाटत असेल तर बस तिकडे चरफडत!

आज सकाळी मी तुझी भिंत फोडली. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून लिहायला बसले. आपल्या गल्लीतली माणसं तुला ठाऊक आहेत. म्हातारं कुणी तिकडे आलं की पहिली हीच बातमी सांगेल, आणि वर चार गोष्टी पदरच्या घालेल. म्हणून आधी माझ्याकडून ऐक. अक्षर वाकडं येतंय. पहार धरून दोन्ही तळहातांना फोड आलेत. वाकडंच वाच.

राग आला? येऊ दे. मला किती आलाय ते आधी ऐकून घे.

तू गेलास, दिवस झाले, पाहुणे गेले. तुझा कचेरीचा कोट घडी करून पेटीत गेला. मग एका सकाळी सत्यम्मानं मागावरची धोतरं काढली. तुझ्या बायकोचं कौतुक तुला कधी वाटलं नाही, म्हणून सांगते. वाटणीत तुझ्याकडे आलेला बापाचा माग तू कशाला वापरलास रे? कपडे वाळत घालायला! तिनं तो पुसला, त्याखालचा पाय सोडायचा खड्डा झाडला, तेल दिलं. विणकराची लेक आहे ती. तुझी बायको झाली म्हणून हात विसरले नव्हते तिचे. तुझ्या दोन पोरींना कुणाच्या दारात उभं करायचं नाही, स्वतः विणीन म्हणाली. सूत आणलं.

आता सूत आणलं की लगेच मागावर चढत नाही, हे तुला सांगायची गरज नव्हती. पण कारकुनी करून करून विसरला असशील, म्हणून सांगते. ताणा, म्हणजे उभे धागे, आधी पसरावा लागतो, अख्खाच्या अख्खा, सरळ. मग पांजणी. खळ लावायची आणि ती वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवत धागान् धागा मोकळा करायचा. घरातलं जे कुणी उभं राहू शकतं ते सगळं लागतं. आणि जागा लागते. आपल्या अंगणात ती जागा होती, पुढच्या दारापासून मागच्या बोळापर्यंत. आपल्या आजानं घर बांधायच्या आधी मोकळ्या जमिनीवर ताणा पसरला आणि त्याच्या मापानं अंगण धरलं, असं अम्मा सांगायची.

त्या अंगणाच्या मधोमध तू आडवी भिंत घातलीस!

परवा सत्यम्मा, तुझ्या पोरी आणि मी, अशा आम्ही पांजणीला उभ्या राहिलो. ताणा अर्ध्या अंगणात मावेना. रस्त्यावर न्यावा तर टांगे, मोटारी, सात रस्ता चौकाकडे जाणारी सगळी वर्दळ आपल्याच दारावरून. शेवटी तुझ्या भिंतीपाशी खुंट ठोकला आणि ताणा त्याला वळसा घालून परत आणला. अर्धा जाता, अर्धा येता. वळणावर खळ साचली. आमचे हात पुरेनात. मी इकडे कुंचा मारतेय तोवर तिकडे वाळतंय, धाकटी पोर तिकडे पळतेय तोवर मधे वाळतंय. ऊन चढलं. वळणापासून धागे एकमेकांना चिकटत चिकटत आमच्याकडे आले आणि आम्ही नुसत्या बघत राहिलो. सत्यम्मानं बोटांनी सोडवायला बघितलं, तर तुटायला लागले.

ती रडली नाही रे. खाली बसली आणि हातावरची वाळलेली खळ नखानं काढत राहिली. थोरली पोर म्हणाली, “आई, आता?”

आणि भिंतीपलीकडे आपल्या धाकट्याचा, नरसूचा माग चालला होता. आमचा आरडाओरडा सुरू झाला तसा थांबला. म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. सख्ख्या दिराला वहिनीचा ताणा नासताना ऐकू गेला आणि तो उठला नाही! थोड्या वेळानं पुन्हा खटखट सुरू. त्या क्षणी मला तुम्हा दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एक तर हाताला लागण्यासारखा उरला नव्हता.

ह्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे सांगू? तुझा तो शब्द. सेपरेट.

आठवतंय का? तू इंग्रजी शाळेत जायला लागलास तेव्हा तुझ्या वाटच्या सुताच्या कांड्या मी भरायला लागले. मुलगा शिकतोय, त्याचे हात मोकळे ठेवा, असं बाप म्हणायचा. माझे हात कुणासाठी मोकळे ठेवायचे होते? मी रुसले, तर तू म्हणालास, “अक्का, रोज मी तुला एक शब्द देतो.” मला वाटलं, बरा सौदा आहे. तू ओसरीवर मांडी घालायचास, माझा चरखा चालू, आणि तू मास्तर.

त्या दिवशी ताण्यातल्या काठ्या दाखवून विचारलंस, “ह्या काठ्या काय करतात?” मी म्हटलं, धागे वेगळे करतात. “मग म्हण, द स्टिक्स सेपरेट द थ्रेड्स.” मी म्हटलं. “आता धागे कसे आहेत?” वेगळे आहेत. “मग म्हण, द थ्रेड्स आर सेपरट.” मी पुन्हा सेपरेटच म्हणाले, की बसली पट्टी बोटांवर! “करतात तेव्हा रेट, असतात तेव्हा नुसतं रट! एक क्रियापद, एक विशेषण!” कांड्या भरून भरून बोटांना आधीच चरे पडलेले, त्यावर तुझी पट्टी. अम्मा आतून ओरडली, “अरे, मोठी बहीण आहे ती!” तर तू म्हणालास, “शिकवताना मोठं-लहान नसतं.” एवढासा जीव, पण तोरा केवढा!

मी शिकले. पुढे कधी चुकले नाही. पण मला सांग, ताण्यात त्या काठ्या कशाला असतात? धागे वेगळे राहावेत म्हणून. आणि वेगळे का राहायचे? नीट एकत्र विणले जावेत म्हणून! हे वाक्य तुझ्या मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं वाटतं?

मॅट्रिक झालास, गिरणीच्या कचेरीत लागलास. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. तू कोट घालून पहिल्यांदा निघालास तेव्हा मी दारात उभी राहून तू वळेपर्यंत बघत होते. गल्लीतल्या बायकांना सांगत होते, आमचा व्यंकू. पण महिन्या-दोन महिन्यांत तुला घराचा वास यायला लागला. खळीचा वास! ज्या खळीवर तू वाढलास तिचा! एकदा तुझे हेडक्लार्क घरी आले. पुढच्या खोलीत खळीचं पातेलं होतं. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि तुझं तोंड एवढंसं झालं. ते गेल्यावर तू म्हणालास, “मला सेपरट रूम पाहिजे.”

बरोबर म्हणालास. विशेषण. चूक नव्हतीच! अम्मानं आपली बाज उचलून मागे नेली आणि पुढची खोली तुला दिली. तिला शब्द कळला नाही, पण तोंड कळलं तुझं. आम्ही सगळे पातेल्यांसकट मागे सरकलो. तेवढ्यानं भागलं असतं तर मी आज काही बोलले नसते.

मग नरसूच्या लहानग्यानं खळीनं भरलेला हात तुझ्या कोटाला पुसला. अडीच वर्षांचं पोर! काका आला म्हणून धावलं होतं ते. तू त्याला ढकललंस. नरसू पोराला उचलून आत गेला. आणि दुपारी सगळे पानावर बसलेले असताना तू ताटाकडे बघत म्हणालास, “लेट अस सेपरेट.”

क्रियापद! उच्चारही अगदी मास्तरांसारखा! पण कुणाला म्हणालास रे ते? नरसूला इंग्रजी येत नाही. अम्माला येत नाही. सत्यम्माला येत नाही. त्या घरात ते वाक्य समजणारं एकच माणूस होतं, आणि ते चुलीपुढे बसून भाकरी थापत होतं. मान वर करून तू माझ्याकडे बघितलंस. आणि अम्मानंही माझ्याकडेच बघितलं. “एमंटुन्नाडु?” म्हणाली, आपल्या तेलुगूत. काय म्हणतोय हा?

तुझ्यात हिंमत नव्हती. आईच्या तोंडावर, आईच्या भाषेत ते म्हणायची हिंमत नव्हती तुझ्यात! म्हणून साहेबाच्या भाषेत म्हणालास आणि त्याचा अर्थ माझ्या तोंडून बाहेर काढलास. मी काय करणार होते? खोटं सांगणार होते? म्हणाले, “वेगळं व्हायचं म्हणतोय, अम्मा.”

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. नरसू उठून उभा राहिला आणि ओरडला, “आपल्या भाषेत बोल की! घरात भांडायला बी आता दुभाष्या लागतो व्हय?” आयुष्यात तो कधी शहाण्यासारखं बोलला असेल तर तेव्हा.

आणि तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. अम्मा मरेपर्यंत लोकांना काय सांगायची, माहीत आहे? “अक्का म्हणाली, वेगळं व्हायचं म्हणून.” तिच्या कानांनी ते माझ्याच आवाजात ऐकलं होतं ना! शेवटच्या दुखण्यातसुद्धा एकदा माझा हात धरून म्हणाली, “पोरी, तू तसं बोलायला नको होतंस.” मी तुझं नाव घेतलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. पण ते माझ्या घशात अजून अडकून बसलंय, व्यंकू! तुझं वाक्य माझ्या माथी मारून आई गेली!

वाटणीचा दिवस आठवतो की तोही विसरलास? पंच कोण, तर सगळे आपलेच. मामा, चुलते, शेजारचे दोन म्हातारे. सगळे विणकर. जन्मभर ताण्यावर वाकून वाकून पाठीला बाक आलेली माणसं. पितळेची भांडी वाटली, पाट वाटले, उखळ नरसूकडे, पाटा-वरवंटा तुझ्याकडे. दोन माग, एक-एक. पुढचा भाग तुला, रस्त्याच्या बाजूचा, तुझे हेडक्लार्क यायचे म्हणून. मागचा नरसूला, बोळाच्या बाजूचा. मामानं दोरी धरली, चुलत्यानं फक्की टाकली. मी म्हटलं, “मामा, ताणा कुठं पसरायचा?”

“पोरी, वाटणीत बायकांनी मधी बोलू नये,” मामा म्हणाला.

एवढ्या विणकरांत एकालाही सुचलं नाही की ह्या घरात सगळ्यांत मोठी वस्तू ताण्याची जागा आहे आणि ती अर्धी केली की दोघांनाही मिळत नाही! तू म्हणालास, “मला ताण्याशी काय करायचंय?” नरसू म्हणाला, “मी बोळात करीन, मला न्हाय लागत कुणाचं अंगण!” दोघेही ताठ. दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

आणि सगळं वाटून झाल्यावर कुणीतरी विचारलं, “अक्काचं काय?” नवरा गेल्यावर मी ह्या घरात परत आले ती रिकाम्या हातांनी. मला वाटा नव्हता, मागितलाही नव्हता. तू म्हणालास, “एक महिना माझ्याकडे, एक महिना नरसूकडे.” झालं. पंचांनी माना डोलावल्या. मला विचारलंत? उखळ तरी एका जागी राहिलं रे! मी दर महिन्याला वळकटी काखेत मारून, तुझ्या दारातून बाहेर, रस्त्यानं सगळी घरांची रांग ओलांडून, वळसा घालून बोळातून नरसूच्या दारात. वाटेत बायका विचारायच्या, “अक्का, बदली झाली का?” आणि हसायच्या. मीही हसायचे. दुसरं काय करणार?

आता तुझ्या शेवटच्या दिवसाचं बोलते. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही.

तापानं तू निम्मा झाला होतास. सत्यम्मा औषध आणायला गेली होती. तू म्हणालास, बाज अंगणात घ्या, भिंतीपाशी, तिथे वारा येतो. वारा! त्या भिंतीपाशी कुठला वारा? पलीकडे नरसूचा माग वाजत होता, तो ऐकायचा होता तुला. मला काय कळत नव्हतं? बराच वेळ डोळे मिटून पडलास. मग मला जवळ बोलावून कानात म्हणालास, “ब्रिंग हिम.”

का रे? का? हात लांब केला असतास तर भिंतीला लागला असता. त्या बाजूला तुझा पाठचा भाऊ. ‘नरसू’ म्हणून नुसता कण्हला असतास तरी त्याला ऐकू गेलं असतं! पण नाही. पोरींना कळू नये, शेजाऱ्यांना कळू नये, भिंतीलासुद्धा कळू नये, की व्यंकटरावांना भावाची आठवण येते! म्हणून पुन्हा इंग्रजी. पुन्हा अक्का दुभाषी.

मी धावले. रस्त्यानं, वळसा घालून, बोळातून. पायात चप्पलही नव्हती. नरसू मागावर होता. म्हटलं, “चल, व्यंकूनं बोलावलंय.”

“कवा? मला तर न्हाय ऐकू आलं.”

“मला म्हणाला तो.”

“काय म्हणाला?”

“ब्रिंग हिम.”

“म्हंजी?”

“तुला घेऊन ये म्हणून.”

त्यानं धोटा हातात घट्ट धरला. “मग तसं म्हणाला न्हाय की. मला एक हाक मारू दे, अक्का. आपल्या तोंडानं, आपल्या भाषेत. एकच. भिंतीवरनं उडी टाकून येतो.”

त्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते मी. पण वेळ नव्हता. परत धावले, वळसा घालून, तुला सांगायला की बाबा, मार एक हाक. मी आले तेव्हा तुझा आवाज गेला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग माझ्या मागे, दाराकडे. मी एकटीच आले होते.

तुम्हा दोघांच्या मधे मी असं किती धावायचं? एकाला हाक मारायची लाज, दुसऱ्याला हाकेशिवाय यायची लाज! आणि पाय माझे!

नरसूनं खांदा दिला, सगळं रीतीनं केलं. पण तेव्हापासून मागावर वाकला तो वर बघत नाही. मी तुझं बोलणं त्याला शंभर वेळा सांगितलं. तो म्हणतो, “तू आपली माझी समजूत घालतीस. इंग्रजीत कोण हाक मारतं व्हय?” खरंच, कोण मारतं?

परवा ताणा नासला आणि माझं डोकंच फिरलं. वळसा घालून गेले आणि त्याच्या मागापुढे उभी राहिले. म्हटलं, “बहिरा झालास का? तिकडे वहिनीचा ताणा गेला!”

“ऐकलं.”

“मग?”

“वैनीनं सांगायचं की. मी काय न्हाय म्हनलो असतो?”

“तिनं सांगायचं! त्यानं हाक मारायची! तुझे पाय काय मागाला बांधलेत?”

मी म्हटलं, ती भिंत पाड. तेव्हा तो वर बघून बोलला, आणि ते बोलणं खोटं नव्हतं म्हणून मला आणखी राग आला. “अक्का, भित त्याची हाय. त्यो जाऊन महिना झाला आन् मी भित पाडली, तर लोक काय म्हंतील? भाऊ जायची वाट बघत हुता, म्हंतील. वैनीचा वाटा गिळला, म्हंतील. पंचांम्होरं शबूद दिलाय मी.”

सत्यम्माला म्हटलं, तर ती म्हणाली, “त्यांनी बांधलेली, मी कशी पाडू? आणि भावजींना वाटेल, नवरा गेल्यावर गळ्यात पडायला आली.”

बघ, कशी पक्की बांधलीस! विटा मातीच्या, पण एकालाही हात लावता येत नाही! ज्याचा वाटा आहे, तो अडकला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माझा वाटा कुठे आहे? ह्या घरात माझी वीतभर जमीन नाही. ह्या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. मी काही केलं तर अक्कानं गिळलं असं कोण म्हणणार? गिळून ठेवणार कुठे? मी पंचांना शब्द दिला नाही, कारण माझ्याकडे कुणी मागितलाच नव्हता! व्यंकू, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला तेवढं एकटीला मोकळं ठेवलंत.

आज उजाडल्यावर पहार घेतली आणि पहिला घाव घातला. तुझ्या पोरी घाबरून ओसरीवर उभ्या. सत्यम्मा “अक्का, अक्का” करत आली. मी म्हटलं, “धरायचं असेल तर पहार धर, हात धरू नकोस.” ती बाजूला झाली. मी घालतच राहिले. प्रत्येक घावाला तुझं नाव घेत होते, आणि शिव्या काय दिल्या त्या इथे लिहीत नाही. हा कोटासाठी! हा अम्माच्या घासासाठी! हा माझ्या वळकटीसाठी! खालच्या दोन विटा निखळल्या.

पलीकडे माग थांबला. पावलं वाजली. मला वाटलं, आता हा ओरडणार.

“अक्का,” नरसू पलीकडून म्हणाला, “खालनं फोडू नगंस. अंगावर यील. वरनं काढ.”

एवढंच. आणि वरची वीट पलीकडच्या बाजूनं हलली. मग दुसरी. तो तिकडून काढतोय, मी इकडून. सत्यम्मा कधी येऊन विटा रचायला लागली ते कळलंही नाही. ताणा जाईल, आणि दोन्हीकडून कुंचा मारत माणूस जाईल, एवढी रुंद वाट झाली. बाकीची तुझी भिंत दोन्ही अंगांना आहे तशी आहे. चुलीही वेगळ्याच आहेत. मला नाही कुणाच्या चुली एक करायच्या.

वाट झाली तरी नरसू पलीकडेच उभा. मधे फक्त थोडी माती आणि तुकडे. पण पाय उचलेना. माझ्याकडे बघत होता. लहानपणी गटार ओलांडायला घाबरायचा तसा. तो कशासाठी थांबलाय ते मला कळलं.

मग तू मारली नाहीस ती हाक मी मारली. तुझी बाज होती त्याच जागेवर उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आपल्या भाषेत. “तम्मुडू, रा!” धाकट्या, ये!

तुझ्या ‘लेट अस सेपरेट’चा अर्थ मी सांगितला तेव्हा घर फुटलं. ‘ब्रिंग हिम’चा अर्थ आज नीट सांगितला.

तो आला, व्यंकू. मातीवरून पाय टाकत आला. तुझी बाज होती तिथे उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग नाक पुसून सत्यम्माचा नासलेला ताणा उचलून बघितला. “वैनी, समदा न्हाय गेला. भिजवून सोडवू. टोकाकडचा तर अख्खा निघंल.” दुपारभर दोघं ताणा पाण्यात घालून बसले होते. त्याचं लहानगं आता मोठं झालंय. तेही धागे सोडवत होतं.

राग गेला असं समजू नकोस. तू असतास, अम्मा असती, तर आज तुला हाताला धरून त्या फटीत उभं केलं असतं आणि अम्मापुढे तुझ्या तोंडानं सगळं बोलायला लावलं असतं. ते राहिलं. ते मला मरेपर्यंत टोचणार, आणि तुलाही टोचावं, अशी माझी इच्छा आहे.

उद्या उजाडताच पांजणी आहे. ताणा पुढच्या दारापासून मागच्या बोळापर्यंत जाणार, आजानं धरलेल्या मापानं. आणि आता एक वचन देते, नीट ऐक. आजपासून मी महिन्याला वळकटी उचलणार नाही. ना तुझ्या घरात, ना नरसूच्या. तुझी भिंत जिथे फुटली आहे त्या जागी माझी बाज टाकली आहे. डोकं तुझ्याकडे, पाय नरसूकडे. पांजणीच्या दिवशी मी स्वतः उचलीन. बाकी कुणालाही ती वाट पुन्हा बुजवायची असेल, तर आधी मला उचलून न्यावं लागेल. तुझ्यासारखं, चौघांनी.

तुझी आणि नरसूची,
अक्का